रिकाम्या चौकटींवर उपाय : नोटो फॉन्ट संचाचे परीक्षण

डेस्कटॉपवरच्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसू लागल्या, की मजकूर बिघडला असा समज होतो. वास्तविक मजकूर शाबूत असतो, फक्त तो रेखाटण्यासाठी लागणारे अक्षररूप वापरात असलेल्या फॉन्टमध्ये नसते. ही उणीव भरून काढण्यासाठी गूगलने मोनोटाइप या फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीच्या साथीने तयार केलेला नोटो हा संच मी नियमित वापरतो, आणि मोफत मिळणाऱ्या पर्यायांत इतका भरवशाचा दुसरा संच मला आढळलेला नाही.

ओपनटाइप या प्रचलित प्रकारच्या फॉन्टच्या एका फाइलीत जास्तीत जास्त ६५,५३५ अक्षररूपे मावतात, तर युनिकोडच्या, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या वर्णांना क्रमांक देणाऱ्या मानकाच्या, १६.० या आवृत्तीत १,५४,९९८ वर्ण आहेत. म्हणूनच नोटोमध्ये बहुतेक लिप्यांसाठी स्वतंत्र फाइली आहेत. सगळा संच एकदम बसवू नये, कारण फॉन्टची यादी इतकी लांबते की हवा तो फॉन्ट शोधणेच अवघड होते. मराठी वाचकाला नोटो सान्स देवनागरी आणि चिन्हांसाठी नोटो सान्स सिम्बॉल्स २ एवढे बहुधा पुरते.

देवनागरीची कसोटी मी ‘ॲ’ या अक्षरावर घेतो. हा वर्ण युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आला, त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये बाकीचे वाक्य नीट उमटते आणि नेमकी ‘ॲ’च्या जागी चौकट येते. नोटोमध्ये तो आहेच, शिवाय ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला अर्धा र देखील योग्य वळणाने येतो. ‘ल’ आणि ‘श’ मात्र मूळ रूपात हिंदी वळणाचे आहेत. त्यांचे मराठी वळण फॉन्टमध्ये असूनही, मजकुराची भाषा मराठी आहे हे प्रोग्रॅमने कळवल्याशिवाय ते दिसत नाही, आणि अनेक प्रोग्रॅम ते कळवत नाहीत. मराठीत रोज वाचन करणाऱ्याला ही गोष्ट खटकते.

फॉन्ट बसवल्यावर प्रोग्रॅम पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा. एका फॉन्टमध्ये अक्षर नसेल तर ते दुसऱ्यात शोधण्याचे काम विंडोजवर डायरेक्टराइट, मॅकवर कोअर टेक्स्ट आणि लिनक्सवर फॉन्टकॉन्फिग करते. परंतु जो प्रोग्रॅम या यंत्रणांना न विचारता केवळ सोबत आणलेल्या फॉन्टवर मजकूर रेखाटतो, त्यात नोटो बसवूनही फरक पडत नाही, तिथे प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्येच फॉन्ट बदलावा लागतो.

प्रश्नचिन्ह असलेला काळा चौकोन दिसत असेल, किंवा एका देवनागरी अक्षराच्या जागी तीन-तीन परकी चिन्हे उमटत असतील, तर दोष एन्कोडिंगचा, म्हणजे वर्ण बाइटांत साठवण्याच्या पद्धतीचा आहे आणि कोणताही फॉन्ट तो दूर करू शकत नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी नंतर पडत असेल, तर प्रोग्रॅमची अक्षरजुळणी कच्ची आहे. हार्फबझसारखी अक्षरजुळणी करणारी लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरणे हे तिथे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचेच काम.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी नोटोची आणखी एक मोठी सोय आहे : ओपन फॉन्ट लायसन्स या मुक्त परवान्यामुळे हे फॉन्ट प्रोग्रॅमसोबत देता येतात, आणि अनेक भाषांचा मजकूर दाखवणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमने ते सोबत द्यावेत असे माझे आग्रहाचे मत आहे.