सोयाबीनचा निर्णय: संचालकांच्या बैठकीत की सभासदांच्या सभेत?

लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनची आवक वाढली की शेतकऱ्यांनीच सभासद होऊन चालवलेल्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या अध्यक्षांना आधी हे ठरवावे लागते की निर्णय चार-पाच संचालकांत बसून घ्यायचा की सभासदांची सभा बोलवायची. नेतृत्वाचे अभ्यासक व्हिक्टर व्रूम आणि फिलिप येटन यांनी १९७३ मध्ये अशा निवडीसाठी काही कसोट्या मांडल्या. त्यातल्या दोन येथे पुरेशा आहेत: लागणारी माहिती नेत्याजवळ आहे का, आणि निर्णय इतरांनी मनापासून पाळल्याशिवाय तो तडीस जाईल का.

आजचा माल कोणत्या खरेदीदाराला द्यायचा, हे संचालकांनीच ठरवावे. माल तीन महिने गोदामात ठेवण्याचे तसे नाही. कोणाच्या घरी लग्न आहे, कोणाला हरभऱ्याचे बियाणे घ्यायचे आहे, कोणाचे सोसायटीचे कर्ज थकले आहे, हे बंद खोलीत कळत नाही. आणि न विचारता घेतलेल्या निर्णयाला मान डोलावणारा सभासद दुसऱ्या दिवशी पोती थेट आडत्याकडे नेतो. हा निर्णय माझ्या मते सभेतच व्हावा.

मात्र सभा घेतली म्हणजे सर्वांचे मत कळले, असे नाही. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अॅश यांच्या १९५०च्या दशकातील प्रयोगांत रेषांची लांबी ओळखण्याचे साधे काम होते. तरीही बाकीचे सगळे ठरवून चुकीचे उत्तर देत, तेव्हा हे ठाऊक नसलेल्या एकट्या सहभागीची सुमारे एक तृतीयांश उत्तरे त्यांच्यामागे वाहवत गेली, आणि बाकीच्यांपैकी एकाने जरी खरे उत्तर दिले तरी हे प्रमाण बरेच घटले. जिथे भावकीतले ज्येष्ठ समोर बसलेले असतात, तिथे हा दबाव किती असेल! म्हणून आधी चिठ्ठ्यांवर मते घ्यावीत आणि अध्यक्षांनी सर्वांत शेवटी बोलावे. संचालकांच्या बैठकीलाही हीच शिस्त लागते.

मांडणीकडेही लक्ष हवे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखवले की तेवढ्याच नफ्याच्या आनंदापेक्षा तोटा मनाला अधिक लागतो. त्यामुळे “आत्ता विकले तर क्विंटलमागे दोनशे रुपये बुडतील” असे म्हणताच सभा थांबण्याकडे झुकते, कारण मागचा चढा भाव प्रत्येकाने आपलाच धरलेला असतो. त्याऐवजी आजचा भाव, गोदामभाडे, तारण कर्जाचे व्याज आणि वजनातली घट फळ्यावर लिहावी, भाव पडला तर काय होईल हेही मांडावे, आणि कोणत्या तारखेला फेरविचार करायचा ते इतिवृत्तात नोंदवूनच सभा संपवावी.