लिचेस, चेस-रिझल्ट्स आणि फिडे: एका कांडीच्या रेंजवर बुद्धिबळ

थेट बुद्धिबळ बघायचं तर यूट्यूब लावा, असं सांगणारा माणूस हमखास शहरातला असतो. दिग्रस, आर्वी किंवा वडसाच्या आजूबाजूच्या खेड्यांत रेंजची एक कांडी मिळते, अन् लाइन गेली की थोड्या वेळानं तीही गायब. ४८० दर्जाचा व्हिडिओ तासाला साधारण अर्धा जीबी खातो आणि क्लासिकल डाव चार-पाच तास सहज चालतो. जुलै २०२५ मध्ये बाटुमीच्या महिला विश्वचषकात नागपूरच्या दिव्या देशमुखनं उपांत्य फेरीत चीनच्या तान झोंगयीला हरवलं, तो डाव १०१ चालींचा होता. दीड जीबीचा रोजचा पॅक असल्या डावाला पुरत नाही. चाली मात्र नुसता मजकूर असतो, अख्खा डाव काही केबीत मावतो. त्यामुळे खेड्यातून स्पर्धा बघायची तर लिचेस या बुद्धिबळाच्या साइट-ॲपचं ब्रॉडकास्ट, म्हणजे चालींचं थेट प्रक्षेपण, हाच खरा पर्याय.

लिचेस २०१० पासून फुकट आहे, जाहिराती नाहीत, खातं न उघडताही ब्रॉडकास्ट दिसतं. ॲपमध्ये ‘वॉच’मध्ये जा, स्पर्धा निवडा, फेरी निवडा, पट निवडा. फेरीची वेळ आपल्या घड्याळाप्रमाणेच येते, जॉर्जियाचं दीड तासाचं गणित मांडत बसावं लागत नाही. रेंज गेली तरी घाबरू नका. परत आली की मधल्या सगळ्या चाली एकदम भरून येतात, काही चुकत नाही. व्हिडिओत हे जमत नाही.

एक गोष्ट आधी बंद करा: इंजिन, म्हणजे डावाचं विश्लेषण करणारा प्रोग्रॅम. ते तुमच्याच फोनवर चालतं, फोन तापतो आणि लोडशेडिंगच्या दिवशी बॅटरी डोळ्यादेखत उतरते. पटाशेजारची, कोण वरचढ आहे ते दाखवणारी मूल्यांकनाची पट्टीही झाकता येते, आणि शिकणाऱ्या पोरांच्या फोनवर ती झाकलेलीच बरी. पट्टी बघून ‘हरली’, ‘जिंकली’ म्हणणाऱ्याला पटावर काय चाललंय ते कधीच कळत नाही.

दोन गोंधळ नेहमीचे. पहिला उशिराचा. फसवणूक टाळायला काही स्पर्धांत चाली मुद्दाम १५ मिनिटं मागे ठेवून दाखवतात, त्यामुळे व्हॉट्सॲपवर निकाल आधी येतो आणि ॲपवर डाव चालूच दिसतो. ॲप बिघडलेलं नसतं. दुसरा शेवटच्या चालीचा. चाली आपोआप टिपणाऱ्या सेन्सरच्या पटावर निकाल नोंदवायला दोन्ही राजे मधल्या घरांत ठेवतात, ती हालचाल कधीकधी चाल म्हणून नोंदली जाते. हरणाऱ्यानं राजीनामा दिलेल्या डावात शेवटी राजा अचानक ‘ई ४’वर उभा दिसला तर ती चाल सोडून द्या. खेळाडूनं मोहरा पाडला, उचलून भलत्याच घरात ठेवला, तरी अशीच गडबड होते. थोड्या वेळात आयोजक दुरुस्त करतात.

आता जिल्हा आणि तालुका पातळी. इथं सेन्सरचे पट नसतात, त्यामुळे लिचेसवर काही सापडायचं नाही. पेअरिंग (कोण कोणाशी खेळणार), निकाल आणि क्रमवारी चेस-रिझल्ट्स या साइटवर येते, कारण पंच ज्या स्विस-मॅनेजर सॉफ्टवेअरवर पेअरिंग काढतात त्यातूनच ती तिकडे चढवली जाते. साइटचं रूप बघून पळून जाऊ नका. दिसायला गचाळ आहे, मोबाइलवर तक्ता आडवा सरकवावा लागतो, पण हलकी असल्यामुळे टूजी रेंजवरही उघडते. पेअरिंग उशिरा आलं तर बहुतेक वेळा साइट नाही, हॉलमधलं नेट दोषी असतं.

क्रॉसटेबल, म्हणजे कोण कोणाशी खेळलं आणि काय निकाल लागला याचा तक्ता, वाचायला एकदा शिका. प्रत्येक चौकटीत आधी प्रतिस्पर्ध्याचा क्रमांक, मग पांढऱ्या मोहऱ्यांना डब्ल्यू किंवा काळ्यांना बी, मग निकाल. घोळ क्रमांकात होतो. ‘स्टार्टिंग रँक’च्या तक्त्यात तो सुरुवातीचा क्रमांक असतो, ‘रँकिंग’च्या तक्त्यात त्या फेरीनंतरचं स्थान. दोन तक्ते मिसळले की भलत्याच पोराशी खेळल्यासारखं दिसतं. अंगणवाडीच्या हजेरीइतकं सोपं आहे, पण आधी कोणी सांगत नाही.

जुने प्रतिस्पर्धी शोधायला हीच साइट सगळ्यात कामाची. अंडर-११, अंडर-१३ ला ज्यानं निवडीतून बाहेर काढलं तो आता कुठं आहे, हे दोन मिनिटांत कळतं. खेळाडूंच्या शोधात देश भारत ठेवा आणि आडनावाची पहिली चार-पाच अक्षरंच टाका. वानखडे आणि वानखेडे ही आपल्याकडची दोन आडनावं, इंग्रजीत लिहिताना पंच एकाचं दुसरं करतात. कुठं वडिलांचं नाव मधे येतं, कुठं पहिलं नाव आडनावाच्या रकान्यात जातं, मुलींचं आडनाव लग्नानंतर बदलतं. एकदा माणूस सापडला की त्याचा फिडे (जागतिक बुद्धिबळ महासंघ) आयडी लिहून ठेवा, पुढचा शोध फक्त त्यावर. जुनी स्पर्धा उघडली की पान रिकामं दिसतं. तपशील दाखवण्याचं बटण दाबल्याशिवाय तक्ता येत नाही. दिव्या आणि ग्रँडमास्टर रौनक साधवानी दोघंही नागपूरचे, दोघंही २००५ चे. त्यांच्या वयोगटात विदर्भातून खेळलेल्यांना स्वतःचं नाव त्यांच्याच तक्त्यात खाली कुठंतरी सापडू शकतं.

कोण किती पुढं गेलं हे फिडेच्या साइटवर बघताना मात्र जपून. १ मार्च २०२४ ला फिडेनं २००० च्या खालचं रेटिंग (खेळाची ताकद दाखवणारा आकडा) एकदाच वाढवलं: २००० मधून जुनं रेटिंग वजा करा, उरलेल्याचे ४० टक्के जुन्यात मिळवा. १२०० चा १५२० झाला, १६०० चा १७६०. म्हणजे दोघांमधला ४०० चा फरक बसल्या जागी २४० वर आला, एकही डाव न खेळता. तेव्हाच किमान रेटिंग १००० वरून १४०० केलं. त्यामुळे आलेखात मार्च २०२४ ला दिसणारी उडी प्रगती धरू नका. दुसरं, १८ वर्षांखालच्या, २३०० च्या आतल्या खेळाडूचा के गुणांक (एका डावानं रेटिंग किती हलेल ते ठरवणारा आकडा) ४० असतो, बरोबरीच्या रेटिंगवाल्याला हरवलं की २० गुण. मोठ्यांचा बहुतेक २०, म्हणजे १० गुण. शाळकरी पोट्ट्याचं रेटिंग भराभर चढतं-उतरतं ते यामुळेच. एका महिन्याच्या आकड्यावर मत बनवू नका, वर्षभराचा आलेख बघा. वर्षभर रेटेड डाव नसला की नाव निष्क्रिय दिसतं.

डाव मात्र यातल्या कुठंच मिळणार नाहीत. जिल्ह्याच्या स्पर्धेचा फक्त निकाल चढतो. चाली लिहिलेली स्कोअरशीट कोणी टाइप करत नाही. पिवळी पडलेली कार्बन प्रत घरात असेल तर लिचेसवर ‘स्टडी’ उघडा, खासगी ठेवा, एका चॅप्टरमध्ये एक डाव. एका स्टडीत ६४ चॅप्टर बसतात. चाली तारखेसकट आणि फेरीच्या क्रमांकासकट भरा, नाहीतर पुढे क्रॉसटेबलशी जुळवता येत नाहीत. अक्षर लागत नसेल तर चाल पटावर खेळून बघा. नियमात न बसणारी चाल ॲप घेतच नाही, त्यामुळे बी आहे की डी, ३ आहे की ८, हे बहुतेकदा तिथंच सुटतं.