साठवणीसाठी जुना कंटेनर घेताना झालेली फसवणूक

गावाकडच्या मोकळ्या जमिनीवर अवजारे, पाइप, पंप आणि हंगामापुरते लागणारे सामान ठेवण्यासाठी पक्के बांधकाम परवडत नाही, म्हणून जहाजावरच्या वापरातून बाद झालेला कंटेनर विकत घेण्याकडे अनेकांचा कल असतो. हा पर्याय मुळात चांगला आहे. वीस फुटी कंटेनर साधारण ६.०६ मीटर लांब, २.४४ मीटर रुंद आणि २.५९ मीटर उंच असतो, रिकाम्या कंटेनरचे वजन सव्वादोन टनांच्या आसपास भरते, आणि सहजासहजी न गंजणाऱ्या विशेष पोलादाचा असल्यामुळे तो धड अवस्थेत मिळाला तर वर्षानुवर्षे काम देतो. मात्र तो धड आहे की नाही, हे घेणाऱ्याला लांबून कळत नाही, आणि नेमक्या याच गोष्टीचा फायदा घेऊन मला फसवण्यात आले.

विक्रेत्याशी गाठ जाहिरातीतून पडली. त्याने पाठवलेल्या छायाचित्रांतला कंटेनर स्वच्छ होता, कोपरे सरळ होते आणि दारावरचा क्रमांकही वाचता येत होता. तो ‘कार्गो वर्दी’ आहे, असे विक्रेत्याने फोनवर पुन्हा पुन्हा सांगितले. या व्यवसायातले शब्द येथे नीट समजून घेतले पाहिजेत, कारण फसवणुकीची अर्धी करामत या शब्दांतच आहे. एकच सफर झालेला, जवळजवळ नवा कंटेनर ‘वन ट्रिप’ म्हणून विकला जातो. पुन्हा माल भरून जहाजावर चढवता येईल असा, म्हणजे तपासणीत उतरलेला कंटेनर ‘कार्गो वर्दी’ ठरतो. ‘विंड अँड वॉटर टाइट’ याचा अर्थ वारा आणि पाणी आत शिरत नाही एवढाच, आणि तोही विक्रेत्याच्या शब्दावर. ‘अ‍ॅज इज’ म्हणजे आहे त्या स्थितीत, कसलीही जबाबदारी न घेता. मला तोंडी सांगितला गेला तो दुसरा वर्ग. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापला होता तो शेवटचा.

वाहन ठरवायचे म्हणून मोठी रक्कम आगाऊ घेतली गेली. ट्रेलर ठरल्या वेळेच्या बराच नंतर, उजेड कमी झाल्यावर आला. क्रेनचे भाडे तासावर असल्याने थांबता येणार नाही आणि उरलेले पैसे जमा झाल्याशिवाय कंटेनर खाली उतरणार नाही, असे चालकाने सांगितले, तेव्हा विक्रेताही फोनवर तेच बजावत होता. ही घाई योगायोगाने झालेली नव्हती, असे माझे ठाम मत आहे. नव्या रंगाचा वास येणारा तो कंटेनर संध्याकाळी कोणालाही चांगलाच वाटला असता.

दिवसाउजेडी पाहिल्यावर खरी अवस्था उघडी पडली. खालच्या पट्टीजवळ रंगाला बारीक फुगवटे आले होते. त्यातल्या एकावर अंगठा दाबला तर रंग आत गेला, आणि स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर तो पत्र्याच्या आरपार गेला. पत्रा जिथे गंजाने खाल्ला गेला होता तिथे लांबी (पुट्टी) भरून, तिच्यावर काचतंतूंचे कापड चिकटवून वर रंगाचा जाड हात मारलेला होता. तळाच्या आडव्या पोलादी पट्ट्यांना डांबर फासले होते आणि डांबराखाली गंजाचे पापुद्रे सुटत होते. आत उभे राहून दारे लावून घेतली, तेव्हा छतातून आणि एका कोपऱ्यातून प्रकाशाच्या तिरिपी दिसल्या. ही चाचणी फुकट आहे आणि तिला काही मिनिटेच लागतात, परंतु ती पैसे देण्यापूर्वीच करायची असते, आणि विक्रेता तेवढी सवड मिळू देत नाही.

यापेक्षा गंभीर गोष्ट क्रमांकाची होती. प्रत्येक कंटेनरला चार अक्षरे आणि सात अंक असा क्रमांक असतो. पहिली तीन अक्षरे मालकाची असतात, चौथे बहुधा ‘यू’ असते, आणि शेवटचा अंक आधीची अक्षरे व अंक यांच्या हिशोबातून निघत असल्यामुळे चुकीचा किंवा मनाने रचलेला क्रमांक सहसा पकडता येतो. मालकांच्या संकेतांची नोंद पॅरिसमधली, १९३३ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय कंटेनर संस्था ठेवते. आलेल्या कंटेनरवर क्रमांक रंगवून झाकलेला होता, पण तिरप्या उन्हात जुन्या अंकांच्या कडा रंगाखालून उमटून दिसत होत्या, आणि ते अंक छायाचित्रातल्या अंकांशी जुळत नव्हते. दारावरची सुरक्षा पट्टीही काढलेली होती. उरली होती ती फक्त रिव्हेटची भोके. १९७२च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार बसवल्या जाणाऱ्या या पट्टीवर बनावटीचा महिना व वर्ष, कमाल वजन आणि उत्पादकाचा ओळख क्रमांक असतो. पहिली तपासणी पाच वर्षांच्या आत आणि नंतरच्या तपासण्या जास्तीत जास्त तीस महिन्यांच्या अंतराने व्हाव्या लागतात. पट्टीच नसल्यावर वय आणि तपासणी, दोन्ही कळण्याची सोय उरत नाही.

जाब विचारल्यावर विक्रेत्याने उत्तर दिले की छायाचित्रे नमुन्यादाखल होती आणि बिलात कोणताही विशिष्ट कंटेनर नमूद नाही. दुर्दैवाने बिलात खरोखरच केवळ ‘वीस फुटी जुना कंटेनर, एक नग’ एवढेच लिहिले होते. दाखवला एक आणि दिला दुसरा, हे कागदावर सिद्ध करायला आधारच ठेवलेला नव्हता. त्यानंतर फोन उचलणे बंद झाले. जहाज कंपन्या कंटेनर विकताना आपली चिन्हे पुसायला सांगतात, त्यामुळे क्रमांक पुसलेला असला म्हणजे विक्रेता लबाडच, असे मी म्हणणार नाही. पण तशा वेळी सुरक्षा पट्टीवरचा उत्पादकाचा क्रमांक बिलात लिहून द्यायला प्रामाणिक माणसाची हरकत नसते.

आतल्या प्लायवुडच्या तळाला उग्र वास येत होता. या प्लायवुडवर सहसा कीटकनाशकाची प्रक्रिया केलेली असते आणि पूर्वी काय माल वाहिला हे ठाऊक नसते, म्हणून बियाणे व जनावरांचा चारा त्यावर थेट ठेवू नये. ‘धान्यसुद्धा बिनधास्त ठेवा’ असे विक्रेत्याने सांगितले होते, याचा मला विशेष राग आहे.

जो कोणी असा कंटेनर घेणार असेल, त्याने छायाचित्रातला क्रमांक, सुरक्षा पट्टीचे जवळून काढलेले छायाचित्र आणि वर्गाचे नाव बिलात लिहून घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये, आणि उरलेली रक्कम कंटेनर ट्रेलरवर असतानाच क्रमांक जुळवून, दारे उघडून, आतून प्रकाश पाहून आणि तळाखाली वाकून बघितल्यानंतरच द्यावी. ही अट आधीच लेखी मान्य करून घ्यावी, गाडी उजेडात बोलवावी, आणि विक्रेता यातल्या कशालाही नकार देत असेल तर ट्रेलर तसाच परत जाऊ द्यावा.