‘परवानगीचं मी बघतो’ म्हणणारा लाकूडवाला

संगमेश्वर तालुक्यात आमची सामाईक जमीन आहे. काका-काकू तिथे असतात, बाकीचे हिस्सेदार मुंबईला. दिवाळी झाली की लाकडाचे व्यापारी वाडीवाडीतून फिरू लागतात. त्यातलाच एक काकांकडे आला. गडग्यालगतची (दगडी कुंपणालगतची) ऐनाची दोन वाळलेली झाडं आणि वादळात मोडलेला फणस, एवढाच सौदा ठरला. पंधरा हजार आगाऊ, बाकीचे माल उचलताना.

त्याचं बोलणं ऐकण्यासारखं होतं. “सातबारा तुमचा, म्हणजे झाडं तुमची. फॉरेस्टचा संबंध काय?” हे अर्धं खरं आहे आणि म्हणूनच गळी उतरतं. 1966 च्या जमीन महसूल संहितेच्या कलम 25 प्रमाणे खातेदाराच्या जमिनीतली झाडं त्याच्या मालकीचीच असतात. पण मालकी असली म्हणजे तोडायची मोकळीक मिळत नाही. महाराष्ट्रात 1964 पासून वृक्षतोडीचा वेगळा कायदा आहे. आंबा, फणस, ऐन, किंजळ, साग, खैर, जांभूळ, चिंच, हिरडा अशी त्याच्या यादीतली झाडं अगदी परसात असली, तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.

काकांना एवढं ठाऊक होतं. त्यांनी परवानगी मागितली, तर व्यापाऱ्याने पिशवीतून कागद काढून दाखवला. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला! जावक क्रमांक, गोल शिक्का, खाली सही. दाखला खोटा नव्हता, हीच त्यातली गोम. पंचायतीची हरकत नसेलही, पण यादीतलं झाड तोडायची परवानगी वनखात्याकडून घ्यावी लागते. वर तो म्हणाला, “झालाच दंड तर हजार रुपये, तो मी भरीन.” मूळ कायद्यात दंड हजारापर्यंतचाच लिहिलाय, हेही खरं. लाकूड सरकारजमा होतं आणि प्रकरण जमीनमालकाच्या नावावर पडतं, हे मात्र तो बोलला नाही.

शंभराच्या स्टॅम्पवर सह्या झाल्या आणि ‘झेरॉक्स काढून आणतो’ म्हणून दोन्ही प्रती तोच घेऊन गेला.

काका-काकू लग्नाला देवरुखला गेल्याची संधी साधून शनिवार-रविवारी मशीन लावून तोड झाली. वाळलेल्या ऐनांबरोबर उभी हिरवी किंजळं आणि घरामागचा रायवळ आंबाही गेला. अर्धा माल रातोरात टेम्पोतून पसार, उरलेला रस्त्याकडेला. कुणीतरी तक्रार केली आणि वनपाल पंचनाम्याला आले. एकेका बुंध्याची गोलाई टेपने मोजत त्यांनी विचारलं, “हातोडा कुठाय?” रीतसर तोडीत गार्ड आधी येऊन बुंध्याशी साल तासतो आणि खात्याच्या हातोड्याचा ठसा उठवतो. झाड गेलं तरी खाली तो राहतो. आमच्याकडे एकाही बुंध्यावर ठसा नव्हता.

नोटीस सातबाऱ्यावरच्या सगळ्यांना आली, विरारच्या आत्यालासुद्धा. व्यापाऱ्याने रेंज ऑफिसात (वनखात्याच्या परिक्षेत्र कार्यालयात) करारनामा पुढे केला, तेव्हा त्यातलं वाक्य आम्ही पहिल्यांदा वाचलं: ‘तोडीची सर्व कायदेशीर जबाबदारी जमीनमालकाची राहील.’ झाडांच्या संख्येची जागा काकांनी सही केली तेव्हा कोरी होती. आता तिथे आकडा होता, आणि शाई वेगळी.

चीड याची येते की वाळलेल्या, मोडलेल्या झाडांना परवानगी द्यायची सोय कायद्यातच आहे. अर्ज केला असता तर ऐन आणि फणस सरळ मिळाले असते. पण त्या अर्जात आंबा बसला नसता, आणि त्याचा डोळा पहिल्या दिवसापासून आंब्यावरच असणार.

प्रकरण अजून चालू आहे. बाकीचे पैसे आलेले नाहीत, फोन लागत नाही. असा कुणी तुमच्या दारात आला तर त्याच्याकडच्या कागदाचा मोबाईलवर फोटो काढा आणि सही करण्याआधी रेंज ऑफिसात दाखवा. करारात प्रत्येक झाडाची जात आणि गोलाई अक्षरात लिहून घ्या, एक प्रत जागेवरच आपल्याकडे ठेवा. आणि बुंध्यावर हातोडा पडल्याशिवाय मशीन आवारात येऊ देऊ नका.