डेक्कन एक्सप्रेस, सेकंड सीटिंग, विंडो सीट : फक्त खिडकीचा रिव्ह्यू

मुंबई-पुणे गाड्यांबद्दल लिहिणारे बरेच आहेत, पण बहुतेक जण एकतर गाडी किती वेळेत पोचली ते सांगतात, नाहीतर डेक्कन क्वीनच्या डायनिंग कारबद्दल लिहितात, नाहीतर व्हिस्टाडोमच्या काचेच्या छताचे फोटो टाकतात. मला आज फक्त खिडकीबद्दल लिहायचंय. गाडी कुठली तर सकाळी सातला सीएसएमटीवरून निघणारी डेक्कन एक्सप्रेस, डबा साधा सेकंड सीटिंग, नॉन एसी, गजांची उघडणारी खिडकी, तिकीट शंभर-सव्वाशेच्या घरात. आणि या खिडकीतून रुळांच्या कडेला जे बोर्ड, खांब, आकडे, रंगवलेले दगड दिसत राहतात ना, त्यांच्यासाठी मी या सीटला पाचपैकी पाच देतो. रोज हजारो लोकांच्या डोळ्यांसमोरून ते जातं आणि वाचत कुणीच नाही याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण एकदा वाचायला लागलात की चार तास कसे जातात कळत नाही.

सुरुवात खांबांपासून करा. वरच्या वायरचे जे लोखंडी खांब आहेत त्या प्रत्येकावर छोटी पाटी असते, वर एक आकडा, खाली एक आकडा. वरचा आकडा म्हणजे सीएसएमटीपासून कितवा किलोमीटर, खालचा म्हणजे त्या किलोमीटरमधला कितवा खांब, आणि डबल लाईन असेल तर एका बाजूच्या खांबांना विषम नंबर आणि दुसऱ्या बाजूला सम. बस, एवढं कळलं की तुम्ही कुठे आहात हे मोबाईलला रेंज नसतानाही कळतं. कल्याण चोपन्नच्या आसपास, कर्जत शंभरच्या आसपास, लोणावळा एकशे अठ्ठावीस, पुणे एकशे ब्याण्णव. वेगही काढता येतो, वरचा आकडा बदलल्यापासून परत बदलेपर्यंत किती सेकंद लागले ते मोजायचं आणि ३६०० ला त्याने भागायचं. ४५ सेकंद लागले तर गाडी ताशी ८० ने चाललीये, ३६ लागले तर १०० ने. लहान मुलं बरोबर असतील तर हे करून बघाच, भागाकार शिकवायला यापेक्षा चांगली जागा मला तरी माहीत नाही.

आणि हीच गोष्ट एसी चेअर कारमधून नीट जमत नाही. तिथली काच गडद असते, उघडत नाही, आणि जवळचं काही वाचायचं तर मान वळवेपर्यंत खांब मागे गेलेला असतो. उघड्या खिडकीतून पुढून येणारी पाटी आधीच दिसते (डोकं-हात बाहेर काढायचं अजिबात नाही हं, गजांच्या आतूनच दिसतं). म्हणून माझं म्हणणं आहे की लाईन वाचायची असेल तर साधा डबाच घ्या.

आता स्टेशनचा पिवळा बोर्ड. काळ्या अक्षरांचा, दोन्ही टोकांना उभा असलेला. बोर्डाचे पाय कधी बघितलेत? पुष्कळ ठिकाणी ते जुन्या रुळांचेच तुकडे असतात, रेल्वेत निकामी झालेला रूळ असा खांब म्हणून, कुंपण म्हणून पुढची कितीतरी वर्षं उभाच असतो. बोर्डावर नावाच्या खाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, आणि ती उंची कुठून मोजली तर १९०९ च्या सुमारास किनाऱ्यावरच्या नऊ ठिकाणच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून जी सरासरी समुद्रसपाटी ठरवली गेली तिथून, आणि त्या नवांत आपलं अपोलो बंदर होतं! ड्रायव्हर ही उंची वाचून वेग ठरवतो असं काहीतरी व्हॉट्सॲपवर फिरत असतं, पण चढ-उतार सांगायला वेगळे खांब आहेत, त्यांच्याबद्दल घाटात गेल्यावर सांगतो. आपण मात्र हे आकडे जरूर वाचावेत, कारण कर्जतला आकडा शंभर मीटरच्या बराच आत असतो आणि पुढच्या अठ्ठावीस किलोमीटरमध्ये लोणावळ्याला तो सहाशेच्या वर गेलेला असतो. सह्याद्री किती उंच आहे हे या दोन बोर्डांइतकं सोपं करून कुणी सांगितलेलं नाही.

ठाणे ते कल्याण पटापट जातं. पारसिकचा बोगदा आहे, १९१६ चा, आणि डोंगराच्या त्या बाजूला मुंब्रा. कल्याणला मात्र डोळे उघडे ठेवा, कारण पुढे लाईन फुटते, एक कसाऱ्याकडे आणि एक आपली कर्जतकडे, आणि दोन्हीकडे किलोमीटर सीएसएमटीपासूनचेच चालू राहतात.

बदलापूरच्या पुढे पूल आणि मोऱ्या येतात. प्रत्येक पुलावर, अगदी छोट्या मोरीवर सुद्धा नंबर रंगवलेला असतो आणि त्याच्याबरोबर एक बाण. बाण म्हणजे पाणी कुठून कुठे वाहतं ते. उन्हाळ्यात ओढा कोरडा ठाक असतो, खाली फक्त दगड, पण बाण सांगत असतो की जूनमध्ये पाणी इकडून येणार आणि तिकडे जाणार. मोठ्या पुलांच्या खांबांवर डेंजर लेव्हलची खूण असते. याच पट्ट्यात, बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये, २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बोटीतून बाहेर काढलं होतं. ते आठवलं की ही पुलांवरची रंगवलेली खूण वेगळ्याच डोळ्यांनी बघितली जाते.

मग नेरळ. इथे शेजारी अरुंद रूळ दिसतील, दोन फुटी, माथेरानची गाडी, १९०७ पासूनची. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, म्हणजे साडेपाच फुटांचा, त्याच्या शेजारी ते रूळ बघितले की फरक लगेच डोळ्यात भरतो.

मधेमधे पिवळ्या पाट्या दिसतात, सी/फा. सीटी वाजवा, पुढे फाटक आहे. इंग्रजीत डब्ल्यू/एल. ही पाटी दिसली की कान द्या, दोन-चार सेकंदांत हॉर्न येतोच, आणि मग फाटक, त्याच्या पलीकडे थांबलेल्या बाईक, एखादी एसटी, गवताचा टेम्पो. मी कितीदा तरी शेजारच्या माणसाला सांगून हे दाखवलंय आणि दरवेळी तो माणूस पुढच्या पाटीची वाट बघायला लागतो. टी/पी आणि टी/जी अशा पाट्या पण असतात, कुठे काम चालू असेल आणि वेग कमी करायला सांगितला असेल तर तो टप्पा इथे संपला, पी म्हणजे पॅसेंजर गाडीसाठी आणि जी म्हणजे गुड्स. गाडी उगाच का रेंगाळली याचं उत्तर बरेचदा त्या पाटीवर असतं. आणि "डीजे ओपन" अशी पाटी दिसली तर गाण्याच्या डीजेशी संबंध नाही, तिथे वरच्या वायरमध्ये एक छोटा बिनविजेचा तुकडा असतो, दोन सबस्टेशनांची वीज एकमेकींना भिडू नये म्हणून, आणि ड्रायव्हरने तेवढ्यापुरता इंजिनाचा मुख्य ब्रेकर (तोच हा डीजे) उघडायचा, म्हणजे वीज तोडायची असते. त्याच्या आधी ५०० मीटर आणि २५० मीटरच्या सूचनेच्या पाट्या असतात. इंजिन तेवढा तुकडा फक्त वेगाच्या जोरावर पार करतं.

कर्जत म्हणजे या सगळ्या प्रवासाचा मुख्य भाग सुरू. लोक वडापावसाठी उतरतात, तो घ्याच, पण हातात वडापाव घेऊन गाडीच्या शेपटाकडे पण बघा. तिथे मागून ढकलायला बँकर इंजिनं लागतात. पुढचं इंजिन ओढणार आणि हे मागून रेटणार. ती लागताना डब्याला हलका धक्का बसतो, बसल्या जागी कळतो. पळसदरीला खोपोलीची लाईन वेगळी होते आणि मग आपण चढायला लागतो.

इथे रुळाच्या कडेला बुटके खांब शोधा, त्यांना दोन हात असतात, एखादा तिरका वर, एखादा तिरका खाली, आणि त्यावर आकडा. हे ग्रेडियंट पोस्ट. आकडा ३७ असेल तर ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. पायी चालताना हा चढ तसा काही वाटणार नाही पण रेल्वेसाठी तो भयंकर आहे, गुळगुळीत लोखंडावर गुळगुळीत लोखंडी चाक, म्हणून तर मागची इंजिनं. बोगद्यांच्या तोंडावर नंबर असतात, मुलांना मोजायला सांगा. ही लाईन १८६३ मध्ये खुली झाली. कंत्राट घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची बायको ॲलिस हिने ते काम पुढे चालू ठेवलं. आणि काम करणारे हजारो मजूर, ज्यांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत, त्यांनी हा कातळ फोडला. बोगद्यात अंधार झाला की सगळे ओरडतात, ओरडा, पण तोंडाशी दगडाची कमान आणि आतला ओबडधोबड कातळ पण बघून घ्या. १९२९ पर्यंत तर खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होतं, म्हणजे गाडी तिथे थांबून उलट्या दिशेने पुढे चढायची.

आता व्हिस्टाडोमची तुलना, कारण ते विचारणार हे माहितीये. याच गाडीला जून २०२१ पासून तो डबा लागतो, ४४ सीट, खुर्ची फिरते, छत काचेचं. पावसाळ्यात धबधबे, नागफणीचा सुळका, ढग, यासाठी तो डबा उत्तम आहे आणि आई-बाबांना घेऊन जायचं तर मी तोच घेईन. पैसे कितीतरी पट जास्त पण त्या एका तासासाठी ठीक वाटतात. तरी तिथे नजर सतत लांब आणि वर जाते. रुळाच्या दोन फुटांवरचं काही दिसत नाही. आणि मला आवडणारा एक माणूस तर फक्त साध्या खिडकीतूनच नीट दिसतो, तो म्हणजे चावीवाला. केशरी जॅकेट, खांद्यावर हातोडा-पाना, गाडी आली की बाजूला होऊन उभा राहतो. तो रोज आपल्या हद्दीतला रूळ पायी चालून बघतो, रुळाखालच्या आडव्या स्लीपरवर रूळ धरून ठेवणाऱ्या पकडी सैल झाल्यात का, कुठे तडा आहे का. घाटात पावसाळ्याआधी हिल गँग डोंगराला लटकून सुटे दगड खाली पाडते, आणि पाऊस सुरू झाला की रात्री पेट्रोलिंग. आपण शंभर रुपयांत पुण्याला पोचतो ते या माणसांमुळे. मी हात करतो, बहुतेक वेळा तेही हात करतात. लांबच्या डोंगराबरोबर हे होत नाही.

लोणावळ्यानंतर गर्दीत लोक झोपतात, माझ्या मते चूक करतात. मावळात भातखाचरं लागतात, इंद्रायणी तांदळाचा मुलुख, आणि आता गाडी हळूहळू उतरत असते, पुणे लोणावळ्यापेक्षा साठ-एक मीटर खाली आहे, ग्रेडियंट पोस्टचे हात इथे जवळजवळ आडवे दिसतात. समोरून दुसरी गाडी गेली तर तिचा शेवटचा डबा बघा, मोठी पिवळी फुली आणि एलव्हीची, म्हणजे लास्ट व्हेईकलची पाटी. ती बघूनच स्टेशनवाल्यांना कळतं की गाडी पूर्ण आली, मधेच डबे तुटून मागे राहिलेले नाहीत. आणि छोट्या स्टेशनवर कुणी हिरवा झेंडा धरून उभा असेल तर मागच्या डब्यातून गार्ड, म्हणजे आता २०२२ पासून ट्रेन मॅनेजर, तसाच झेंडा दाखवतो.

कमतरता पण सांगतो. सीट तीन-तीनच्या, चार तासांत पाठ दुखते. काही सीट उलट्या दिशेला असतात, तिथून पाटी मागे गेल्यावर दिसते, मजा निम्मी. जोराचा पाऊस आला की शटर लावावंच लागतं, म्हणून धबधब्यांसाठी जुलै-ऑगस्ट आणि पाट्यांसाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी, हवा स्वच्छ असते आणि ऊनही तिरकं. बुकिंग करताना प्रेफरन्समध्ये विंडो साईड टाका, मिळेलच असं नाही पण टाका. बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, शनिवार-रविवारचं तिकीट हवं असेल तर थांबू नका.

आणि जमलं तर परतीचा प्रवास पण दिवसाचाच करा, कारण उतरताना वेगळंच दिसतं. घाटात गाडी मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी थांबते, स्टेशन नाही, कुणी चढत-उतरत नाही, आणि डब्यात कुरकुर सुरू होते. तेव्हा खिडकीतून रुळांकडे बघा, एक फाटा सरळ चढावर जाऊन डोंगरात संपलेला दिसेल. तो कॅच सायडिंग. ब्रेक लागले नाहीत तर गाडी त्या चढावर जाऊन थांबावी म्हणून रूळ बदलणारा काटा आधी तिकडेच लावलेला असतो, आणि गाडी नीट थांबली, म्हणजे ताब्यात आहे हे दिसलं, की मगच मेन लाईनला वळवतात. शेजारचे कुरकुरत असतील तर त्यांनाही तो फाटा दाखवा.