मुळशीतला खासगी ऑफ-रोड ट्रॅक, जागामालकाच्या नजरेतून

जूनच्या शेवटच्या रविवारी पुतण्याच्या थारमधून मुळशी तालुक्यातल्या एका खासगी ऑफ-रोड ट्रॅकवर, म्हणजे चढ-उतार आणि चिखलातून हौसेने गाडी चालवायच्या जागेवर, जाऊन आलो. पौडच्या पुढे, कोळवणच्या बाजूला. साडेअकरा एकर जागा. मुरमाड उतार, मधून जाणारा ओढा आणि खाली पडीक टाकलेली दोन भातखाचरं, एवढ्यात सगळं बसवलंय. गाडीला अडीच हजार रुपये, चालक सोडून बाकी प्रत्येकाला साडेचारशे, त्यात नाश्ता आणि जेवण. जागेचं नाव लिहीत नाही, कारण मालकाने माझ्यावर विश्वास टाकून स्वतःची फाइल उघडून दाखवली आणि त्यातल्या काही गोष्टी मला पटल्या नाहीत.

मी हौसेपायी गेलो नव्हतो. वेल्ह्याच्या बाजूला आमचा सात एकरांचा माळ आहे. भात होत नाही, नाचणी रानडुकरं ठेवत नाहीत. पुतण्या दोन वर्षं मागे लागलाय, "काका, आपण गाड्यांना उघडूया ना." मी बावीस वर्षं खंबाटकी घाटात क्रेनवर काढली, दरीत गेलेल्या गाड्या वर ओढल्या. त्यामुळे महिन्याला किती मिळतील हे मला नंतर सुचतं. आपल्या जमिनीवर परक्याच्या पोराला काही झालं तर त्याच्या आईबापांना काय उत्तर द्यायचं, हे आधी सुचतं. म्हणून आधी दुसऱ्याचा ट्रॅक बघायचा ठरवला.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरोखर चांगलं आहे.

फाटकावर दोन मार्शल, म्हणजे गाड्यांवर लक्ष ठेवणारी ट्रॅकची माणसं. एकाने गाडी आडवी लावून घेतली आणि खाली वाकून बघितलं. बॅटरीचा पट्टा घट्ट आहे का, ओढायचा हुक पुढे-मागे चॅसीला, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्याला, लागलाय का, आत मोकळं काही पडलंय का. आमच्या डिकीतला जॅक आणि पाण्याचा कॅन बांधून घ्यायला लावला. चाकातली हवा अठरा-वीस पीएसआयवर आणली. मागे बसलेल्यांच्यासुद्धा सीटबेल्टला हात लावून बघितलं. आमच्या पुढे एक स्कॉर्पिओ होती. तिचा पुढचा हुक गंजलेला होता. मार्शलने तिला चढावाला सोडलं नाही, सपाटीवरच्या खड्ड्यांच्या रांगेपर्यंतच जाऊ दिलं. गाडीवाल्याने आवाज चढवला, पैसे परत मागितले. मालक स्वतः आले, निम्मे पैसे परत दिले, पण परवानगी दिली नाही. तिथेच माझं या माणसाबद्दलचं मत चांगलं झालं.

दुसरा प्रसंग खाचरातला. एक जिप्सी दरवाजापर्यंत रुतली. तिच्या मागे ट्रेलर ओढायचा लोखंडी गोळा बसवलेला होता आणि मित्रमंडळींपैकी एकजण ओढायचा पट्टा त्यालाच अडकवायला निघाला. मार्शल चिखलातून धावत आला आणि पट्टा हातातून काढून घेतला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तो गोळा संथपणे ट्रेलर ओढण्यासाठी असतो. रुतलेली गाडी हिसक्याने ओढताना त्याच्यावर कितीतरी पट ताण येतो. तो तुटला की ताणलेल्या पट्ट्याबरोबर तोफगोळ्यासारखा समोरच्या गाडीच्या काचेतून आत येतो. परदेशात अशी माणसं गेली आहेत. घाटात एकदा माझ्या डोळ्यांदेखत वायर तुटली आणि दहा-बारा हातांवर उभ्या टेम्पोची काच आरपार गेली. टेम्पोत कोणी नव्हतं म्हणून बरं. इथे मार्शलने शॅकल (जोडायची लोखंडी कडी) चॅसीच्या हुकात घातलं, विंचच्या (दोर गुंडाळून गाडी ओढायच्या यंत्राच्या) दोरावर ओलं पोतं टाकलं, बघ्यांना दोराच्या लांबीपेक्षा लांब हटवलं आणि मगच बटण दाबलं. बावीस वर्षांत इतकं नीट काम मी फार थोड्या ठिकाणी पाहिलं.

आता कागदाकडे येतो.

फाटकावरच एक हमीपत्र पुढे आलं. दोन पानं, इंग्रजीत, बारीक अक्षरात. मागे गाड्यांची रांग, फाटकावरचा पोरगा म्हणतो, "काका, इथे सही, इथे गाडी नंबर." मी बाजूला उभं राहून पुतण्याकडून वाचून घेतलं. मथितार्थ एवढाच, की काहीही झालं, अगदी माणूस दगावला तरी जागामालक जबाबदार नाही. आमच्या पुढच्या गाडीत नववी-दहावीतला मुलगा होता. त्याचीही सही त्याच्याकडूनच घेतली. वडील शेजारी उभे होते, तरी त्यांची घेतली नाही.

क्रेनच्या धंद्यामुळे विमा कंपन्यांच्या सर्व्हेअर लोकांशी, म्हणजे अपघातानंतर नुकसान तपासणाऱ्यांशी, माझी जुनी ओळख. त्यातले एक आता निवृत्त झालेत. त्यांच्यासमोर मी हे हमीपत्र ठेवलं. त्यांनी जे समजावलं ते माझ्या भाषेत असं. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञान, म्हणजे कायद्याने सज्ञान न झालेल्या, मुलाची सही करार म्हणून उभीच राहत नाही. मोठ्या माणसाने सही केली तरी फौजदारी गुन्हा सहीने पुसला जात नाही. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं आणि १ जुलै २०२४ पासून त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. आधीच्या कायद्यात ती दोन वर्षं होती. पैसे घेऊन सेवा दिली की समोरचा ग्राहक ठरतो आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एकतर्फी, अन्यायकारक कराराविरुद्ध दाद मागायची सोय आहे. म्हणजे "आम्ही कशालाच जबाबदार नाही" या वाक्यावर विसंबून मालकाने निवांत झोपू नये.

मग हमीपत्र फाडून टाकायचं का? तर नाही. त्याचा उपयोग वेगळा आहे. पाहुण्याला धोका आधी सांगितला होता आणि त्याने तो समजून पत्करला, एवढं त्यातून दाखवता येतं. पण त्यासाठी धोका खरोखर सांगितलेला हवा. गाडी कलंडू शकते, ओढ्यातला दगड निसरडा आहे, मार्शलने थांब म्हटलं की थांबायचं, सीटबेल्ट सोडायचा नाही, हे मराठीत, ठळक अक्षरात, मुद्दा-मुद्दा करून लिहा आणि दहा मिनिटं उभं राहून वाचून दाखवा. या ट्रॅकवर मार्शल तोंडी सगळं सांगतो, फार छान सांगतो. तेच कागदावर नाही. उद्या कोर्टात मार्शलची तळमळ कोणाला दिसणार?

जेवणानंतर मालकांशी ओसरीवर बसलो. भिंतीवर विम्याचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलंय. मी म्हटलं, "पॉलिसी पूर्ण बघू का?" त्यांनी लगेच फाइल आणली. पब्लिक लायबिलिटीची, म्हणजे जागेवर आलेल्या पाहुण्याला इजा झाली तर भरपाई देणारी, पॉलिसी आहे, एका अपघाताला दहा लाख, वर्षाला वीस लाख. पण व्यवसायाच्या रकान्यात लिहिलंय खोल्या आणि भोजनगृह. मागच्या पानावर वगळलेल्या गोष्टींत साहसी खेळ आणि वाहनांचा वापर. म्हणजे कोणी खोलीच्या पायरीवरून घसरला तर पैसे मिळतील आणि ज्या चढावासाठी लोक अडीच हजार देतात तिथे कोणी पडला तर एक रुपया नाही. मालकांचा चेहरा उतरला. तीन वर्षं ते हप्ता भरत होते. एजंटाने पान उलटून दाखवलं नव्हतं आणि यांनी विचारलं नव्हतं.

"पण गाड्यांचा स्वतःचा विमा असतो ना, दादा?" त्यांनी विचारलं. असाच प्रश्न पुतण्यानेही गाडीत विचारला होता. याचं उत्तर थोडं लांब आहे आणि प्रत्येक जागामालकाला ते ठाऊक पाहिजे. थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या नुकसानीचा विमा, कायद्याने सक्तीचा आहे तो सार्वजनिक जागी गाडी वापरण्यासाठी, मोटार वाहन कायदा १९८८, कलम १४६. लोकांना जाण्या-येण्याचा हक्क आहे ती सार्वजनिक जागा, असं त्याच कायद्याच्या व्याख्येत आहे. कुंपणातला माळ त्यात बसतो का? मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८८ मध्ये, आधीच्या कायद्याखाली, खासगी मालकीच्या पण लोकांचा वावर असलेल्या जागांनाही यात धरलंय. जखमी माणसासाठी हा आधार मोठा आहे. पण ही सार्वजनिक जागाच नाही, असा मुद्दा विमा कंपनी उपस्थित करू शकते आणि त्याचा निकाल लागेतोवर वर्षं जातात.

त्याहून मोठी गोष्ट खासगी गाडीच्या पॉलिसीतल्या वापराच्या मर्यादांची. भाड्याने वापर, आयोजित शर्यत, वेगाची चाचणी, गाडीच्या भरवशाची चाचणी (रिलायबिलिटी ट्रायल), हे सगळं बाहेर. आणि या ट्रॅकवर दुपारी तीन वाजता काय होतं? मालकांचा मुलगा स्टॉपवॉच घेऊन चढावाच्या माथ्यावर उभा राहतो. फळ्यावर गाडी नंबर आणि सेकंद लिहितो. पहिल्या आलेल्याला टोपी मिळते. सगळे आनंदात असतात, मीही टाळ्या वाजवल्या. मग फळ्याकडे बघताना ते कलम आठवलं आणि टाळ्या थांबल्या. कोणाची गाडी तिथे उलटली तर कंपनीचा माणूस सर्वात आधी त्या फळ्याचा फोटो मागेल. सकाळपासून मार्शलने जे सांभाळलं ते एका स्टॉपवॉचने घालवायचं का? हे मी मालकांना तिथेच, हात जोडून सांगितलं.

त्यांची स्वतःची एक जुनी पांढऱ्या नंबरप्लेटची जीपही आहे. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांना तीनशे रुपयांत चक्कर मारून आणतात. खासगी गाडी, भाड्याने. तेही तसंच अडकणार.

जागेबद्दल एक. त्यांची नोंदणी कृषी पर्यटनाची आहे, २०२० च्या धोरणातली. साहसी प्रकारांसाठी राज्याचं वेगळं धोरण २०२१ मध्ये आलं आणि त्यात आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. ती त्यांनी केलेली नाही. सातबारावर अजून भातच आहे. सगळं सुरळीत असताना याची कोणी चौकशी करत नाही. दावा आला की मात्र हेच कागद पहिल्यांदा मागतात.

बाकी थोडक्यात. पिठलं-भाकरी उत्तम, भात इंद्रायणीचा, ठेचा झणझणीत. बायकांसाठी स्वच्छतागृह वेगळं आणि स्वच्छ. खालच्या ओढ्यात मोबाईलला रेंज नाही, पण प्रत्येक मार्शलकडे वॉकीटॉकी आहे. स्ट्रेचर आहे, प्रथमोपचाराची पेटी भरलेली आहे, १०८ चा नंबर फळ्यावर मोठ्या अक्षरात आहे. फाटकापर्यंतचा रस्ता मात्र अरुंद. रुग्णवाहिका आली आणि समोरून गाड्यांची रांग निघाली तर दोन्ही अडकतील. परतीची वाट वेगळी काढायला हवी, आणि जागेत तशी वाट निघते, मी चालून बघितली.

पाचपैकी गुण विचाराल तर ट्रॅक आणि मार्शल यांना पाच. कागदपत्रांना दीड. गाडी चालवायला जाणाऱ्यांनी जरूर जा, इतकी काळजी घेणारी माणसं सहज भेटत नाहीत. फक्त जाण्याआधी आपल्या पॉलिसीतलं वापराच्या मर्यादांचं पान वाचा, शर्यतीत उतरू नका आणि सोबत मूल असेल तर हमीपत्रावर स्वतः सही करून त्याची जबाबदारी घ्या.

पंधरा दिवसांनी मालकांचा फोन आला. फळा उतरवलाय, जीप उभी करून ठेवलीये. एजंटाकडून ड्रायव्हिंग ट्रॅकचा स्पष्ट उल्लेख असलेली पॉलिसी मागितलीये. दोन कंपन्यांनी नकार दिला, तिसरी जागा बघायला येणार आहे. हमीपत्र मराठीत करायला त्यांनी माझी मदत मागितली, ती मी आनंदाने करतोय.

आमच्या माळाचा सातबारा तीन भावांच्या नावावर सामाईक आहे. नोटीस आली तर ती ठाण्याच्या थोरल्यालाही जाईल, ज्याने थार कधी जवळून बघितलेली नाही. त्याला सगळं सांगायला येत्या रविवारी ठाण्याला चाललोय, पुतण्याही बरोबर आहे. तोवर माळाच्या फाटकाला साखळी आहे आणि किल्ली माझ्याकडे.