केशरी मोती म्हणून १ लाख २० हजारांना शिंपल्याचा तुकडा घेतला

रक्कम आधीच सांगते, म्हणजे कुणी ही किरकोळ गोष्ट समजणार नाही. ३ कोटी ६० लाख डोंग, आपले १ लाख २० हजार रुपये. त्यातले २५ हजार रोख, ९५ हजार कार्डावर. परत आल्यावर तपासणीचे २,२०० वेगळे. व्हिएतनामच्या सहलीत हो ची मिन्ह शहरातला शेवटचा दिवस होता आणि लेकीचं लग्न तोंडावर आलं होतं.

दुकानापर्यंत कशी पोचले ते सांगायला नको. मोकळी दुपार, गाईडच्या ओळखीचा माणूस, आतली वातानुकूलित खोली. तुम्ही सगळं ओळखलंच असेल.

मला मोत्यातलं काही कळत नाही असं मात्र समजू नका. आजीची बसरा मोत्यांची नथ माझ्याकडे आहे. दाताला घासून मोती पारखायला तिनंच शिकवलं. खरा मोती किंचित खरखरतो. पांढऱ्या मोत्यात मला कुणी फसवू शकलं नसतं. पण हा मेलो मोती होता, ११ मिलिमीटरचा, पिकल्या पपईच्या रंगाचा. तो मोत्याच्या शिंपल्यात होतच नाही, मेलो नावाच्या मोठ्या समुद्री गोगलगाईत होतो.

मी दाताला लावला तर गुळगुळीत! मी वर बघितलं. दुकानदार शांतपणे म्हणाला, "सिस्टर, या मोत्याला ते चमकते थर नसतात, हा चिनीमातीसारखाच लागणार." आणि हे खरं आहे! घरी येऊन मी त्याचं एकेक वाक्य पडताळलं. मेलोची व्यापारी शेती होत नाही, खरं. कॅरिबियन समुद्रातल्या शंखात गुलाबी मोती होतो, खरं. फिलिपाइन्समधला ३४ किलोचा मोती २०१६ साली जगासमोर आला, तेही खरं. खोटी होती ती फक्त माझ्या तळहातावरची वस्तू. दुकानदार माहितगार आहे म्हणजे माल खरा आहे, असं मी धरून चालले. तुम्ही धरू नका.

आता तो क्षण. त्यानं खोलीतला दिवा घालवला आणि मोत्याखाली टॉर्च धरला. "बघा, ज्वाला." मेलोच्या पृष्ठभागावर ज्योतींसारखी नक्षी असते, ती मोत्याच्या दर्जाची खूण मानतात. मला काय दिसलं? प्लायवूडच्या कडेला दिसतात तशा सरळ, समांतर रेघा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. माझ्या डोळ्यांनी बघितल्या मी. मोती मध्यापासून बाहेर वाढतो, गोल गोल. त्याच्यात आरपार सरळ पट्टे येतीलच कसे? ते पट्टे जाड शिंपला कापून घासलेल्या मण्यात येतात. हे मला कळायला हवं होतं. शेजारून हे दबक्या आवाजात म्हणालेसुद्धा, "रेघा कसल्या गं?" मीच त्यांना गप्प केलं. रोज रात्री तेवढंच आठवतं.

पावतीवर "नैसर्गिक मेलो शेल" लिहिलं होतं. मोती हा शब्दच नव्हता. ती पावती मी विमानतळावर वाचली. पावती दुकानातच वाचा, पैसे देण्याआधी, चष्मा लावून.

मुंबईत तपासणी केली. ट्रायडॅक्ना, म्हणजे महाकाय शिंपल्याच्या कवचातून कोरलेला, वरून रंगवलेला मणी.

मग सुरू झाली वणवण. पोलीस ठाण्यात दोन तास बसवलं. "गुन्हा परदेशात झाला, आम्ही काय करणार?" अहो, निदान अर्जावर शिक्का तरी मारून द्या, बँक कागद मागते! तर साहेब म्हणाले, "मॅडम, एवढे पैसे टाकताना विचार नाही केलात?" माझ्या वयाच्या बाईला, चार लोकांसमोर. सहल कंपनीनं कळवलं की ती खरेदी कार्यक्रमात नव्हती. गाईड मात्र त्यांचाच होता! बँकेनं उत्तर दिलं की पिन टाकून व्यवहार झाला, म्हणजे तुमची संमती होती. संमती मोत्याला होती, शिंपल्याला नव्हती, एवढं लिहूनही तेच छापील उत्तर पुन्हा आलं. तिथल्या आपल्या सरकारी कार्यालयाला पाठवलेल्या तिन्ही ई-मेलना पोचसुद्धा नाही. आणि कळस असा की मला सांगितलं गेलं, फार बोभाटा करू नका, तुम्हीच अडचणीत याल. ट्रायडॅक्नाच्या दोन जाती २००१ पासून आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आंतरराष्ट्रीय व्यापारालाही परवाना लागतो. म्हणजे विकणारा मोकळा, आणि धाक मला.

रंगवलेला मणी आहे हे ठाऊक असतं तर फुकटसुद्धा आणला नसता. परदेशातून शंख, शिंपला, पोवळं काहीही घेताना आधी परवान्याचा कागद मागा. तपासणी आपण निवडलेल्या प्रयोगशाळेत, दुकानदाराच्या लॅमिनेट केलेल्या प्रमाणपत्रावर नाही. "आज विमान आहे" हे दुकानात बोलू नका, मी बोलले होते. टॉर्च मारायला सांगा, आणि सरळ रेघा दिसल्या तर उठा. सोबतचं माणूस शंका काढत असेल तर त्याला गप्प करू नका.

बँकेला दुसरी तक्रार लेखी दिली आहे. सोमवारी ३० दिवस पुरे होतात. मंगळवारी सगळे कागद घेऊन रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार नोंदवणार आहे.